कळसूबाई हा जुना ज्वालामुखी आहे का, आणि सर्वात उंच तोच का?

कळसूबाईबद्दल तीन प्रश्न बहुतेक वेळा एकत्रच येतात. हा विझलेला ज्वालामुखी आहे का? नसेल, तर महाराष्ट्रातलं सर्वात उंच टोक नेमकं इथेच का? आणि चढताना यातलं काही डोळ्यांनी ओळखता येतं का? पहिल्याचं उत्तर सरळ 'नाही'. दुसऱ्याला थोडा वेळ द्यावा लागेल. तिसऱ्याचं उत्तर 'हो', आणि त्यासाठी फारशी अवजारंही लागत नाहीत.

आधी जागा नीट समजून घेऊ. शिखर साधारण १९° ३६′ उत्तर अक्षांश आणि ७३° ४२′ पूर्व रेखांशावर आहे, उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातला अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्यातला इगतपुरी तालुका यांच्या हद्दीवर हा डोंगर येतो. नेहमीची वाट बारी गावातून चढते. तिथून माथ्यापर्यंत उभी चढाई साडेआठशे ते नऊशे मीटरांची आहे. सह्याद्रीची मुख्य धार उत्तर-दक्षिण जाते, पण कळसूबाईची रांग तिच्यापासून फुटून पूर्वेकडे निघते. पश्चिमेला कुलंग, मदन, अलंग, मग कळसूबाई, पुढे औंढा, पट्टा, बितनगड. म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर सह्याद्रीच्या मुख्य धारेवर नाही, तिच्या एका फाट्यावर आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

या फाट्याचं काम पाणी वाटण्याचं. उत्तर उतारावरचं पाणी दारणेकडे जातं, दक्षिण उतारावरचं प्रवरेकडे. अरबी समुद्र इथून शंभरेक किलोमीटरवर आहे, तरी माथ्यावर पडलेला एकही थेंब तिकडे जात नाही. दारणा नाशिक जिल्ह्यातच गोदावरीला मिळते. प्रवरा भंडारदऱ्याचं धरण आणि रंध्याचा धबधबा ओलांडून खूप पुढे प्रवरासंगमला तिला मिळते. शिखरावर दोन बाजूंना गेलेलं पाणी तिथे पुन्हा एक होतं.

आता ज्वालामुखीचा मुद्दा. लांबून, विशेषतः भंडारदऱ्याच्या बाजूने, माथा शंकूसारखा दिसतो. खडक काळा, ज्वालामुखीतून आलेला. त्यामुळे 'हाच तो डोंगर, ज्यातून लाव्हा निघाला' असा समज सहज होतो. खरा ज्वालामुखीचा शंकू असता, तर त्याचे थर मुखापासून चहूबाजूंना बाहेर उतरताना दिसले असते आणि त्यांत राख, लाव्हाचे भाजके तुकडे यांचं प्रमाण भरपूर असतं. कळसूबाईचे थर मात्र जवळजवळ आडवे आहेत. दरीपलीकडच्या रतनगडाकडे किंवा पश्चिमेच्या अलंग-मदनकडे पाहिलं, तर तिथेही तसेच आडवे पट्टे दिसतात. ही एकाच चळतीची वेगवेगळी कापलेली टोकं आहेत. दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून आला आणि पातळ असल्यामुळे दूरवर पसरत गेला. आजही या पठाराने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापलेली आहे. शंकूचा आकार पावसाने आणि ओढ्यांनी कापून आला आहे, तो मूळचा नाही.

वय सांगायचं तर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. चळतीतला बराच मोठा भाग लाखो वर्षांच्या, फार तर दहा लाख वर्षांच्या आसपासच्या काळात साचला. भूशास्त्राच्या हिशेबात हे फार झपाट्याचं काम. पण 'झपाट्याने' याचा अर्थ सलग असा नाही. एक प्रवाह आला, निवला, त्यावर ऊनपाऊस पडला, माती धरली, मग पुढचा आला. या मधल्या सुट्ट्यांचे पुरावे डोंगराच्या अंगावर आहेत. त्यांच्याकडे पुढे येतो.

दुसरा प्रश्न इथून सुरू होतो, आणि त्यातली एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. पश्चिम घाटातल्या बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हा निवून झालेल्या काळ्या खडकाच्या, चळतीचे खालून वर तीन मोठे गट पाडतात: कळसूबाई, लोणावळा आणि वाई. सर्वात खालच्या, म्हणजे सर्वात जुन्या गटाला कळसूबाईचं नाव आहे. त्याच्या पोटात जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी आणि भीमाशंकर असे स्तरसमूह, म्हणजे लागोपाठच्या प्रवाहांचे छोटे गट येतात. सर्वात वरच्या वाई गटात पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. म्हणजे १६४६ मीटरचा कळसूबाईचा माथा तळाकडच्या लाव्हाचा आहे, आणि त्याच्यापेक्षा दोनशे मीटर बुटकं, १४३८ मीटरचं महाबळेश्वर वरच्या, नंतर आलेल्या लाव्हाचं आहे. उंच डोंगराचा खडक तरुण असायला हवा, ही अपेक्षा इथे उलटी पडते.

कारण साधं आहे. सगळी चळत दक्षिणेकडे किंचित कललेली आहे, तीही अर्ध्या अंशाच्या आत. जागेवर उभं राहून हा कल डोळ्यांना दिसणं शक्यच नाही. पण गणित करून पाहा: पाव अंश धरला तरी किलोमीटरला चार मीटरांहून जास्त उतार पडतो. कळसूबाई ते महाबळेश्वर सरळ रेषेत १८५ किलोमीटरांच्या आसपास आहे, म्हणजे एवढ्या अंतरात थर आठशे मीटर खाली जातात. कळसूबाईच्या माथ्यावरचा थर दक्षिणेकडे जमिनीखाली जातो आणि त्याच्यावर पुढचे थर चढत जातात. म्हणून उत्तरेकडे जुने थर उघडे पडलेत आणि दक्षिणेकडे नवे शिल्लक आहेत. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर जांभ्याची जाड टोपी आहे, म्हणजे तिथे एक जुना सपाट भूपृष्ठ टिकून राहिला. कळसूबाईवर तशी टोपी नाही, थेट कातळ लागतो. इथून वरचं बरंच काही धुऊन गेलं आहे.

मग इतकं धुऊन जाऊनही हे टोक सर्वात उंच कसं? तीन कारणं एकत्र आली, आणि माझ्या मते त्यांतलं पहिलं सर्वात वजनदार आहे.

पहिलं कारण म्हणजे जागा. कोकणाच्या बाजूच्या नद्यांना समुद्र जवळ, म्हणून त्यांचा उतार प्रचंड. त्या मागे मागे खणत घाटाचा कडा पूर्वेकडे सरकवत आल्या आहेत. त्यांच्या तोंडावर असलेल्या डोंगराची एक बाजू सतत कापली जाते. कळसूबाई त्या कड्यापासून थोडी आत, पूर्वेला आहे आणि ती दोन नदीखोऱ्यांच्या मधल्या धारेवर आहे. धारेवर पाणी साचून वाहतच नाही, ते तिथून फक्त निघतं. कापण्याचं काम खाली, ओढे एकत्र आल्यावर सुरू होतं. दारणा आणि प्रवरा यांनी दोन्हीकडून खोरी खोल केली, मधला भाग उरला. आणखी पूर्वेला गेलं तर नद्यांनी खोरी इतकी रुंद केली आहेत की रांगा ठेंगण्या होत जातात.

दुसरं कारण जमिनीच्या उचलण्याचं. पृथ्वीचं कवच खालच्या गरम, संथपणे वाहू शकणाऱ्या थरावर तरंगल्यासारखं असतं. वरून किलोमीटरभर खडक झिजून समुद्रात गेला की ओझं कमी होतं आणि उरलेला भाग हळूहळू वर येतो. कोकणाच्या पट्टीतून सर्वात जास्त खडक गेला, त्यामुळे लगतच्या घाटमाथ्यालाही वर उचल मिळाली. डोंगर झिजतो आणि त्याच वेळी उचललाही जातो, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण नुसतं ६ कोटी वर्षांपूर्वीचं पठार झिजत बसलं असतं, तर आज एवढे उभे कडे दिसले नसते.

तिसरं कारण खडकाचं, आणि ते बहुतेक वेळा उगाच पहिलं सांगितलं जातं. माथ्याखालचे काही प्रवाह घट्ट आहेत, ते लवकर झिजत नाहीत, हे खरं. पण असे घट्ट प्रवाह या टापूतल्या कितीतरी बुटक्या डोंगरांमध्येही आहेत. त्यामुळे नुसत्या खडकाने उंचीचा उलगडा होत नाही. खडकामुळे डोंगराचा आकार ठरतो: कुठे कडा, कुठे माची.

या ओघात पश्चिम घाटाबद्दलचा एक गोंधळही काढून टाकू. नकाशावर घाट एकच सलग दिसतो, पण खडक एकच नाही. केरळातली आनैमुडी २६९५ मीटर आहे, आणि ती कितीतरी जुन्या, खोल भूगर्भात भाजून निघालेल्या खडकांची आहे. महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला बेसाल्ट संपतो, त्यामुळे कळसूबाईचे नियम तिकडे लावू नका. तुलना करायचीच तर साल्हेर (१५६७ मीटर) किंवा हरिश्चंद्रगडाशी करा.

आता चढताना काय पाहायचं ते. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, पाच मीटरचा टेप आणि वही एवढं पुरे.

बारीतून निघाल्यावर पहिला टप्पा शेतांचा आणि मुरमाचा. इथे खडकाचे गोल धोंडे कांद्याच्या सालींसारखे सुटताना दिसतील. बेसाल्ट निवताना आकसला, त्याला चौकोनी-बहुकोनी भेगा पडल्या. त्या भेगांमधून पाणी शिरलं आणि प्रत्येक ठोकळ्याचे कोपरे आधी कुजले. मधला टणक गाभा गोटा म्हणून उरला. हे गोटे नदीने वाहून आणलेले नाहीत, जागच्या जागी तयार झालेले आहेत. ही चूक नवखे हमखास करतात.

वर चढू लागल्यावर उभा कडा, मग चालण्याजोगी पट्टी, पुन्हा कडा अशा पायऱ्या लागतात. या खडकांना 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. एक पायरी म्हणजे एक प्रवाह असं गणित मात्र करू नका. नाशिक-इगतपुरी भागात बरेचसे प्रवाह जोडप्रवाह आहेत: लाव्हाच्या एकावर एक, एकाशेजारी एक फुगलेल्या जिभा, काही हातभर जाडीच्या, काही कित्येक मीटरांच्या. अशा पन्नास जिभा मिळून एक प्रवाह होऊ शकतो. दुसरे प्रवाह अखंड, वीस-तीस मीटर जाड, उभ्या सांध्यांचे, म्हणजे निवताना पडलेल्या भेगांचे. कडे मुख्यतः यांचेच.

एका जिभेची किंवा प्रवाहाची हद्द ओळखण्यासाठी खालून वर हा क्रम शोधा. तळाला पातळ काचेरी किंवा बारीक कणांची कड, त्यात कधी बोटाएवढ्या उभ्या नळ्या. त्या ओल्या जमिनीवरून लाव्हा गेल्यावर वायू वर निघताना होतात. मध्ये घट्ट, एकसंध भाग. वरच्या भागात बुडबुड्यांची दाटी, कारण वायू वर चढून पृष्ठभागाखाली अडकतो. बुडबुडे कोणत्या बाजूला दाट आहेत त्यावरून वरची बाजू कळते. सुटून पडलेला धोंडा उलटा पडलाय की सुलटा हेही त्यावरूनच ठरतं. या पोकळ्यांमध्ये नंतर फिरलेल्या पाण्यातून पांढरी-हिरवट खनिजं भरली: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइटसारखी झिओलाइटं, कॅल्साइट, गारगोटी. गारगोटी काचेवर ओरखडा काढते. कॅल्साइट काढत नाही, पण पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाच्या एका थेंबाने फसफसतं. झिओलाइटं बहुधा मोत्यासारखी चमकतात, फसफसत नाहीत आणि चाकूने ओरखडली जातात.

दोन प्रवाहांच्या मध्ये कधीकधी विटेच्या रंगाचा मऊ थर लागतो, काही सेंटिमीटरांपासून मीटरभरापर्यंत जाड. याला लाल बोल म्हणतात. खालच्या प्रवाहाचा माथा आणि त्यावर पडलेली धूळ-राख कुजून झालेली माती वरच्या गरम प्रवाहाखाली भाजली गेली. मधली सुट्टी म्हटलं ती हीच. बोल जितका जाड तितकी सुट्टी मोठी, असा हिशेब करण्याचा मोह होतो, पण तो धोक्याचा आहे. पाऊस, उतार आणि राखेचं प्रमाण यांवर जाडी बदलते.

या भागातली सर्वात देखणी खूण मात्र वेगळी आहे. काही प्रवाहांमध्ये काळ्या खडकात फेल्डस्पार या खनिजाचे लांबट, करड्या-पांढऱ्या रंगाचे मोठे स्फटिक दिसतात, काही सेंटिमीटर लांबीचे. कसारा म्हणजे थळघाटातला असा प्रवाह प्रसिद्ध आहे. लाव्हा वर येण्याआधी जमिनीखालच्या कोठीत बराच काळ थांबला, तिथे हे स्फटिक वाढले, आणि मग सगळं एकदम बाहेर पडलं. कळसूबाई गटात असे प्रवाह स्तरसमूहांच्या हद्दीजवळ येतात, त्यामुळे नकाशा करणारे त्यांना मैलाचा दगड म्हणून वापरतात. हे स्फटिक आणि भरलेले बुडबुडे यांत घोळ होतो. स्फटिकाच्या कडा सरळ असतात आणि तुटलेल्या बाजूवर सपाट चकाकी येते. बुडबुड्याचा आकार गोल किंवा चेपलेला असतो.

माथ्याजवळ, शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे, तेव्हा 'एवढ्या वर पाणी कसं?' हा प्रश्न येतोच. कड्यांच्या उंचीवर पाणी धरायला दोन गोष्टी लागतात: पाणी मुरू देणारा भेगाळ किंवा बुडबुड्यांचा थर, आणि त्याच्या खाली पाणी अडवणारा घट्ट कातळ किंवा चिकट बोल. असं साठलेलं पाणी खालच्या भूजलाशी जोडलेलं नसतं, ते टांगलेलं असतं. साठा लहान, भरतो पटकन आणि उन्हाळ्यात उतरतोही पटकन. माथा जेमतेम असल्यामुळे पाऊस झेलणारं क्षेत्रच कमी. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि पूर्वेला अकोले गावापर्यंत तो ५०० मिलिमीटरांच्या आसपास येतो. एवढ्या पावसाच्या तोंडाशी असूनही मे महिन्यात माथ्यावरच्या पाण्यावर भिस्त ठेवू नये, याचं कारण खडकाची ही बांधणी. अलंग-कुलंगवरची टाकी जास्त टिकतात, कारण ती घट्ट कातळात कोरलेली आहेत. त्यांतून पाणी झिरपून जात नाही.

दरडींचं मूळही याच रचनेत आहे. मऊ बोल किंवा बुडबुड्यांचा थर आधी झिजतो, वरचा घट्ट प्रवाह छज्जासारखा पुढे राहतो. त्याला उभे सांधे असतातच. पावसात सांध्यांमध्ये पाणी भरलं की ते मागून रेटा देतं, आणि मग आख्खा खांब सुटतो. खाली जमणारा घसारा साधारण ३० ते ३५ अंशांवर स्थिरावतो. त्याहून उभा दिसला तर तो ताजा किंवा अडकून राहिलेला समजा आणि त्याखाली थांबू नका. धोका फक्त धो-धो पावसात नसतो. पाऊस उघडल्यावरही सांध्यांतलं पाणी लगेच निघून जात नाही, त्यामुळे पुढचे काही तासही कड्याच्या पायथ्याशी जेवायला बसू नये.

शिड्या, साखळ्या किंवा बोल्ट बसवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. घट्ट बेसाल्ट हातोडीखाली खणखणीत वाजतो, कुजलेला किंवा झिओलाइटांनी भरलेला खडक बद्द वाजतो. बद्द आवाजाच्या खडकात बोल्ट आज पक्का वाटला तरी दोन पावसाळ्यांत हलू लागतो, कारण भोवतीची खनिजं पाण्याने बदलतात. उभ्या सांध्यापासून किमान बोल्टच्या लांबीच्या दीडपट अंतर ठेवा, नाहीतर ठोकळाच सुटतो.

उंची मोजताना आकडे जुळत नाहीत, ही तक्रार नेहमीची. उपग्रहावरून मिळणारी कच्ची उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. आपल्या भागात या दोन पातळ्यांमध्ये साधारण ६० ते ६५ मीटरांचा फरक आहे, आणि कच्चा आकडा कमी येतो. एखादं यंत्र १५८० मीटरांच्या जवळपास दाखवत असेल तर ते बिघडलेलं नाही, त्यात दुरुस्ती चालू केलेली नाही. उपग्रही उंचीनकाशेही माथा कमी दाखवतात. एक चौकोन ३० मीटरांचा, त्यात अरुंद शिखर आणि शेजारचा कडा यांची सरासरी होते. हवेच्या दाबावर चालणारं उंचीमापक बारीत लावून निघालात, तर परत आल्यावर पुन्हा तपासा. माथ्याच्या उंचीवर दाब १ हेक्टोपास्कलने बदलला की जवळपास १० मीटरांचा फरक पडतो, आणि दिवसभरात दाब आपोआपच दोन-तीन हेक्टोपास्कल खालीवर होतो.

होकायंत्राचंही तसंच. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहचुंबकासारखं खनिज असतं, आणि उघड्या माथ्यावर विजा पडलेल्या जागी खडक जोरदार चुंबकीय झालेला असतो. होकायंत्र कातळावर टेकवून दिशा घेतली तर सुई कित्येक अंश भरकटू शकते. छातीच्या उंचीवर धरा, शिड्यांच्या लोखंडापासून पाच-सात मीटर दूर जा, आणि दोन वेगळ्या जागांवरून त्याच खुणेची दिशा घेऊन पाहा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर दोन्ही टाका.

नमुने घेण्याबद्दल: हा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. वन विभागाची परवानगी नसेल तर खडक फोडणं किंवा स्फटिक उचलणं करू नका. थराशेजारी टेप ठेवून फोटो घ्या; वहीत उंची, जाडी, वरची-खालची बाजू आणि बुडबुड्यांचा आकार लिहा. बुडबुडे एका दिशेने लांबलेले असतील तर ती दिशाही नोंदवा, लाव्हा कुठल्या रेषेत वाहिला ते त्यावरून कळतं. मात्र एकाच जागी निदान वीस बुडबुडे मोजा, दोन-चारांवरून काढलेली दिशा हमखास चुकते.